क्यूआर, यूपीआय लाइट आणि महिन्याची एसआयपी: तेरा महिन्यांचा हिशेब

कराडला विद्यानगरच्या बाजूला आमचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक कॉलेजची पोरं. 2024 च्या दिवाळी पाडव्याला नवा रोजमेळ आणला, तेव्हा तीन गोष्टी एकदम सुरू केल्या. दुकानाच्या क्यूआरला वेगळं चालू खातं जोडलं, स्वतःच्या किरकोळ खर्चासाठी यूपीआय लाइट घेतलं आणि निफ्टी 50 च्या इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या फंडात, महिन्याला 3,000 ची एसआयपी (दर महिन्याला आपोआप जाणारा हप्ता) लावली. तेरा महिने झाले. महिनाभर वापरून पाच तारे देणाऱ्यांचे अनुभव मी पुष्कळ वाचलेत. त्यात एकही मे महिना नसतो. माझ्या धंद्यात मे महिना आल्याशिवाय कशाचीच परीक्षा होत नाही.

आधी क्यूआर. आमच्याकडे स्टिकर कधीचा लावलेला होता, पण तो माझ्या घरच्या बचत खात्याला जोडलेला. तीच मोठी चूक होती हे फार उशिरा कळलं. अण्णांच्या वेळी संध्याकाळी गल्ला मोजला की नोटांच्या तीन घड्या व्हायच्या: एक मालाची, एक घरची, एक पिग्मीची, म्हणजे रोज थोडी थोडी भरायच्या ठेवीची. घरच्या घडीला हात लावायचा तर मालाची घडी डोळ्यांसमोर असायची. क्यूआर आल्यावर गल्ल्यात सुट्टेच उरले आणि तीन घड्यांचा एकच आकडा झाला. खात्यात 22,000 दिसले की ते आपलेच वाटतात. त्यातले 15,000 वह्यांच्या होलसेलवाल्याचे आहेत हे आकड्यावर लिहिलेलं नसतं.

बहीण अण्णांच्या औषधांचे पैसे पुण्याहून पाठवायची, तेही त्याच क्यूआरवर. रिटर्न भरताना आमच्या टॅक्सवाल्यांनी विचारलं, ही विक्री का? मी पाहुण्यांचे, उसनवारीचे आणि मालाचे पैसे वेगळे करत दोन रात्री बसलो. आयकराच्या 44एडी कलमाखाली, म्हणजे छोट्या धंद्याने विक्रीवर ठरावीक टक्के नफा धरून, कर भरणाऱ्याला डिजिटल जमेवर सहा टक्के नफा धरायची सोय आहे, रोखीवर आठ. म्हणजे क्यूआरवर घेण्यात फायदाच आहे, पण जमा खरोखर विक्रीची असेल तर. जुलै 2025 मध्ये बंगळुरूकडच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा आमच्या ओळीतल्या दोघांनी घाबरून क्यूआर उतरवले. नुसत्या मालाच्या विक्रीला नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाख आहे. आम्ही त्याच्या आसपासही नाही, म्हणून मी उतरवला नाही. पण घरचे पैसे आता घरच्या नंबरवर येतात. बहिणीला हे समजवायला एक फोन लागला, मेव्हण्यांना तीन.

साउंडबॉक्सला, म्हणजे पैसे आले की बोलून सांगणाऱ्या खोक्याला, महिन्याला 118 रुपये भाडं आहे, जीएसटी धरून. यूपीआयने घेतलेल्या पैशावर दुकानदाराला काही कापून जात नाही. जानेवारी 2020 पासून तसा नियमच आहे, त्यामुळे खरा खर्च एवढ्या भाड्याचा. पैसे वसूल होतात का? माझे झाले. पूर्वी परीक्षेच्या गर्दीत पोरं स्क्रीनशॉट दाखवून निघून जायची, आणि त्यातले काही कालचे असायचे. आता खोका बोलल्याशिवाय स्पायरल हातात देत नाही. एका महिन्यात भाडं दोनदा कापलं गेलं आणि परत मिळायला तीन आठवडे लागले. कंपनीचं नाव घेत नाही, बाकीच्यांचे किस्सेही असेच असतात. खोक्याचा खरा त्रास वेगळा आहे. दोन पानांच्या झेरॉक्सलाही तो ‘चार रुपये प्राप्त झाले’ असं गावभर ओरडतो आणि एखाद्याने 3,000 चं बिल दिलं की तेही शेजारच्या दुकानाला ऐकू जातं.

आता यूपीआय लाइट, म्हणजे माझा स्वतःचा खिसा. पिन न टाकता एका वेळी 1,000 पर्यंत देता येतात आणि त्यात जास्तीत जास्त 5,000 ठेवता येतात. 2022 मध्ये हे आलं तेव्हा मर्यादा 200 ची होती, त्यामुळे तेव्हा मी ढुंकून पाहिलं नव्हतं. दर सोमवारी मी त्यात 1,200 भरतो. चहा, वडापाव, गाडीचं पेट्रोल, पोरीचं आइस्क्रीम, सगळं त्यातून. संपले की संपले. आपोआप भरायची सोय त्यात आहे, ती पहिल्याच दिवशी बंद ठेवली. ती चालू असली तर या सगळ्याला अर्थच राहत नाही.

पहिले दोन महिने गुरुवारीच खिसा रिकामा. घरात चेष्टा झाली. ‘अहो, शुक्रवारपासून तुमचा उपास का?’ पाहिलं तर चहाचे पैसे फार नव्हते. गाडी घेऊन उगाच मलकापूरपर्यंत जाणं, सोबत कुणीतरी, मग तिथं काहीतरी खाणं, यात निम्मे जात होते. पाकिटात नोट असती तर ती मोडायला जीवावर आलं असतं. मोबाइलमधून देताना नोट मोडावीच लागत नाही. मार्चपासून रविवारी 100-150 उरायला लागले.

लाइटबद्दल तक्रारी दोन. बँकेच्या पासबुकात फक्त ‘1,200 भरले’ एवढंच येतं, पुढचं सगळं अॅपमध्ये. पासबुक आटोपशीर राहतं हे खरं, पण माझ्यासारख्या रोजमेळवाल्याला ते अर्धवट वाटतं. दुसरी, पिन नाही म्हणजे उघडा मोबाइल हरवला की आतले पैसे गेले असंच धरायचं. म्हणून पाच हजार ठेवायची मुभा असली तरी मी ठेवत नाही.

ऑगस्ट 2025 पासून एका अॅपमध्ये दिवसाला 50 वेळाच शिल्लक बघता येते. बातमी वाचून आमच्या हिला हसू आवरेना. खरं सांगतो, मी त्या मर्यादेच्या फार लांब नव्हतो.

एसआयपीवर जरा सविस्तर लिहितो, कारण माझं सगळ्यात जास्त डोकं तिथं गेलं. डायरेक्ट प्लॅन घेतला, मध्ये एजंट नाही. खर्च वर्षाला शंभरामागे वीस पैशांच्या आसपास. हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला ऑटोपेने जातो. पहिल्या हप्त्याचा तपशील पाहिला तर गुंतवणूक 2,999 रुपये 85 पैशांची. पंधरा पैसे स्टॅम्प ड्यूटी! रोजमेळात पंधरा पैसे लिहिण्याची वेळ कित्येक वर्षांनी आली.

मुहूर्त मात्र नामी निवडला होता. सप्टेंबर 2024 च्या शेवटी निफ्टी 26,277 ला शिवून आली होती आणि मी नोव्हेंबरात आत गेलो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे सलग पाच महिने बाजार पडला, आणि तसं 1996 नंतर पहिल्यांदाच घडलं. डिसेंबरातले चार दिवस सोडले तर माझा आकडा लाल, म्हणजे तोट्यातच. मार्चच्या सुरुवातीला भरलेल्या 12,000 चे 11,000 दिसत होते. हजार रुपये म्हणजे माझ्या हिशेबात पाचशे झेरॉक्स. भिशीवाल्या बायका घरी बसलेल्या असताना हिने मुद्दाम मोठ्यांदा विचारलं, ‘तुमचं ते इंडेक्सचं काय झालं हो?’ तिच्या भिशीत बाराजणी आहेत, महिन्याला 2,000. जिचा नंबर लागतो तिला 24,000 मिळतात, एक रुपया कमी नाही आणि जास्तही नाही. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एप्रिलची 5 तारीख शनिवारी आली, म्हणून हप्ता सोमवारी 7 तारखेवर गेला. अमेरिकेच्या आयातकराच्या धास्तीने त्याच दिवशी निफ्टी 743 अंकांनी कोसळली. टीव्हीवर नुसता लाल रंग. सगळ्या हप्त्यांत जास्त युनिट, म्हणजे फंडाचे हिस्से, मिळाले ते त्याच दिवशीच्या भावाने. यात माझी हुशारी शून्य. मी त्या वेळी प्रोजेक्टच्या प्रिंट काढत होतो.

आणि मग मे. कॉलेजला सुट्टी, दिवसाला चारशे-पाचशेची विक्री, मशीनचा ड्रम बदललेला, दुकानाचं भाडं 3 तारखेला. 5 तारखेला घरच्या खात्यात 2,860 रुपये. हप्ता परत गेला. बँकेने दंड लावला 250 अधिक जीएसटी, म्हणजे 295. फंडवाल्यांनी काही लावलं नाही, पण लागोपाठ तीन हप्ते चुकले तर एसआयपीच बंद होते असं कळवलं. हप्ता जायच्या आदल्या दिवशी सूचना येते, तशी आलीही होती. ती कर्जाच्या आणि रिचार्जच्या ऑफरांमध्ये कुठंतरी खाली गेली. 140 रुपयांसाठी 295 दिले याचा राग अजून आहे.

तेव्हा लक्षात आलं की तीस वर्षांत आमच्या पिग्मीचा एक दिवस चुकलेला नाही. दुकान चालू असलेल्या दिवशी तरी नाही. पिग्मीवाले काका संध्याकाळी सातला हातात मशीन घेऊन दारात उभे राहतात. अण्णा आजारी असताना त्यांनी उद्या देतो म्हटलं, तर काका म्हणाले, ‘पन्नास द्या, पण द्या.’ आता रोज 100 जातात आणि जूनच्या आधी वह्या भरायला तेच पैसे लागतात. व्याज नावापुरतं. आणि एक गोष्ट बाजाराच्या घसरणीत वाचताना कळली: बँकेतल्या ठेवींना 5 लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पण पतसंस्थेतल्या ठेवींना तो लागू नाही. आमची पिग्मी पतसंस्थेची आहे. मी ती बंद केली नाही. दर वर्षी पूर्ण काढून घेतो आणि नव्याने सुरू करतो, एवढंच.

अॅपमध्ये सगळं आहे, फक्त दारात कोणी उभं राहत नाही. म्हणून जूनपासून जोड लावून टाकली. एक तिसरं बचत खातं आहे, त्याचं कार्ड कपाटात आणि अॅप मोबाइलवर नाही. संध्याकाळी काका आले की त्यांना 100 द्यायचे आणि त्यांच्यासमोरच चालू खात्यातून 150 त्या खात्यात ढकलायचे. सव्वीस दिवसांचे 3,900 होतात, हप्ता तिथूनच जातो, 900 उरतात. नोव्हेंबरअखेर असे 5,400 साठलेत. पुढच्या मेचा हप्ता दुकान बंद ठेवलं तरी जमेल. काकांना पहिल्या आठवड्यात वाटलं मी त्यांचाच हिशेब तपासतोय.

आकडा विचाराल तर बारा हप्त्यांचे 36,000 भरले आणि नोव्हेंबरअखेर ते 38,900 च्या आसपास आहेत. त्याच महिन्यात निफ्टीने चौदा महिन्यांपूर्वीचा उच्चांक ओलांडला, म्हणून आत्ता चित्र गोड दिसतंय. मार्चमध्ये हेच लिहायला बसलो असतो तर तुम्ही एसआयपी काढायला निघाला असता. तेरा महिन्यांवरून इंडेक्स फंडाला काय तारे द्यायचे? मी देत नाही. पंधरा वर्षांसाठी घेतलाय, तेव्हा बघू. वर्षाहून जास्त ठेवून विकलं तर नफ्यात पहिल्या सव्वा लाखावर कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के, एवढं माहीत आहे. पोरीचं सुकन्या खातं पोस्टात आहे, 8.2 टक्के मिळतात, त्यात लिहिण्यासारखं काही घडत नाही आणि तोच त्याचा गुण.

ज्या अॅपवर फंड घेतला त्याला मात्र तारे कमी. एसआयपी बघायला उघडलं की आधी ऑप्शन्स (भाव वर जाईल की खाली यावर लावायचे जोखमीचे सौदे), मग ‘तुम्ही कर्जासाठी पात्र आहात’, त्याखाली माझा फंड. समोरच्या मोबाइल दुकानातला पोरगा याच वाटेने ऑप्शन्समध्ये गेला आणि गाडी विकून आला. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये तीन वर्षांचा अभ्यास काढला होता, त्यात या व्यवहारांत उतरलेल्या सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात होते. मी सगळ्या सूचना बंद केल्या, फक्त हप्त्याची ठेवली. वारसाचं नाव आधीच घातलं होतं. तुम्ही घातलं नसेल तर हे वाचणं थांबवून घाला.

गेल्या आठवड्यात काका दोन दिवस आले नाहीत, भाचीच्या लग्नाला गेले होते. त्या दोन्ही दिवशी तिसऱ्या खात्यात 150 ढकलायचे माझ्या डोक्यातूनच गेले. तिसऱ्या दिवशी सातला ते दारात दिसले, तेव्हा आधी मोबाइल काढला, 450 पाठवले आणि मग त्यांच्यासाठी गल्ला उघडला.