थीम पार्कची सहल: बुकिंग वर्षभर आधी, सहा महिने आधी की ऐनवेळी?

थीम पार्कसाठी किती आधी बुकिंग करावं, याचं एकच उत्तर शोधायला गेलं की घोळ होतो. कारण बुकिंग एक नसतंच. हॉटेल, विमान, प्रवेशाचं तिकीट, रेस्टॉरंटमधलं टेबल आणि राइडची लांब रांग टाळणारा पास अशी पाच वेगवेगळी कामं असतात आणि प्रत्येकाचं बुकिंग वेगळ्या दिवशी सुरू होतं. प्रत्येकाबद्दल दोनच प्रश्न विचारायचे. हे लवकर संपतं का? आणि बेत बदलला तर पैसे परत मिळतात का? लवकर संपणारं पण परत करता येणारं आधी धरून ठेवा. ज्याचे पैसे परत मिळत नाहीत, ते बाकीचं जुळेपर्यंत थांबवा.

आमचं मत आधीच सांगतो. शाळकरी मुलं असलेल्या बहुतेक कुटुंबांना पाच ते सात महिने पुरतात. वर्षभर आधीची घाई ठरावीक लोकांनाच फळते आणि ऐनवेळचा बेत ज्यांच्या तारखा खरोखर मोकळ्या आहेत त्यांनाच. पुढची बरीच उदाहरणं अमेरिकेतल्या ओरलँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची आहेत, कारण तिथले नियम सर्वांत गुंतागुंतीचे आहेत. ते समजले की बाकीचे पार्क सोपे जातात.

वर्षभर आधी

डिस्ने वर्ल्डची हॉटेलं 499 दिवस आधीपासून बुक करता येतात. नाताळ ते नवीन वर्ष हा वर्षातला सर्वांत गर्दीचा आठवडा हवा असेल, तीन-चार कुटुंबांना एकाच हॉटेलात राहायचं असेल किंवा पाच-सहा जण मावतील अशी मोठी खोली लागणार असेल, तर वर्षभर आधी धरणं योग्यच. मोठ्या खोल्या मुळात कमी असतात आणि त्याच आधी जातात.

यात धोकाही कमी आहे. खोली आणि तिकिटं एकत्र असलेल्या पॅकेजसाठी आधी 200 डॉलर भरावे लागतात. पोहोचण्याच्या 30 दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर ते परत मिळतात. उरलेली रक्कमही त्याच सुमारास भरायची असते. त्यानंतर, अगदी दोन दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर 200 डॉलर जातात. फक्त खोली घेतली तर एका रात्रीचं भाडं आगाऊ द्यावं लागतं आणि रद्द करायला पाच दिवस आधीपर्यंत मुभा असते. तारखा डळमळीत असतील तर फक्त खोली घेणंच बरं.

लवकर बुकिंग केल्यावर पुढे सवलत जाहीर झाली तर आपलं नुकसान झालं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. त्या सवलतीतल्या खोल्या शिल्लक असतील तर जुनं बुकिंग नव्या दरात बदलून घेता येतं. मात्र ते आपोआप होत नाही, आपल्यालाच मागावं लागतं, तेही पहिल्या एक-दोन दिवसांत.

वर्षभर आधी पार्क तेव्हा कसा असेल हे मात्र कळत नाही. डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्कातली बिग थंडर माउंटन ही राइड जानेवारी 2025 मध्ये दीर्घ दुरुस्तीसाठी बंद झाली, तर टॉम सॉयर आयलंड आणि भोवतालची नदी जुलै 2025 मध्ये कायमची. एखाद्याच राइडसाठी मुलं हट्ट धरून बसली असतील, तर तिकीट काढण्यापूर्वी दुरुस्तीची यादी बघाच. उलट, नवा पार्क उघडणार म्हणून पहिल्याच महिन्यांची तारीख धरणंही जोखमीचं. ओरलँडोत युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीचा एपिक युनिव्हर्स हा पार्क 22 मे 2025 ला सुरू झाला. अशा नव्या जागी सुरुवातीला यंत्रं जास्त वेळा बंद पडतात. सहा-आठ महिने थांबलं तर अनुभव सुधारतो.

विमानाची तिकिटं साधारण अकरा महिने आधी विक्रीला येतात, पण पहिल्या दिवशीचा दर सहसा सर्वांत कमी नसतो, शिवाय इतक्या आधी काढलेल्या विमानाची वेळ नंतर बदलू शकते. मधे विमान बदलायचं असेल तर त्या बदलाने पुढचं विमान चुकायची वेळ येते. व्हिसा लागणार असेल तर तो हातात येईपर्यंत परत न करता येणारं तिकीट काढूच नका. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने वैध आहे का, हेही आत्ताच बघा.

पाच ते सात महिने आधी

या टप्प्यावर शाळेच्या सुट्ट्या जाहीर झालेल्या असतात, रजेचं नक्की करता येतं, विमानाचे दर तुलनेने स्थिर असतात आणि नाताळाचा आठवडा सोडला तर हॉटेलात पुरेसे पर्याय असतात. वर्षभर आधी बुकिंग केलेल्यांच्या तुलनेत तुम्ही फार काही गमावत नाही, कारण डिस्ने वर्ल्डमधलं सर्वांत चुरशीचं बुकिंग सगळ्यांसाठी 60 व्या दिवशीच सुरू होतं.

ते म्हणजे रेस्टॉरंटचं. पार्कच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना आगमनाच्या 60 दिवस आधी पुढच्या दहा दिवसांपर्यंतची सगळी टेबलं एकदम धरता येतात. बाहेर राहणाऱ्यांना प्रत्येक तारखेसाठी वेगळे 60 दिवस मोजावे लागतात. हिशोब असा: 20 डिसेंबरला पोहोचणार असाल तर 21 ऑक्टोबर. बुकिंग ओरलँडोच्या पहाटे सहाच्या सुमारास उघडतं, तेव्हा आपल्याकडे किती वाजलेले असतील ते आदल्या दिवशी काढून ठेवा. त्याच रात्री खात्यात लॉगिन करा, सोबतच्या सगळ्यांची नावं जोडा, कार्डाचा तपशील भरून ठेवा. बहुतेकांची टेबलं या तीन गोष्टींत अडकून हुकतात.

आणखी एक युक्ती. सिंड्रेलाच्या किल्ल्यातल्या जेवणासारखं सर्वांत कठीण टेबल मुक्कामाच्या पहिल्या दिवशी शोधू नका, शेवटच्या दिवसांत शोधा. पहिल्या दिवसासाठी तुमच्या आधीच्या दहा दिवसांत पोहोचणाऱ्यांनी जागा घेऊन ठेवलेल्या असतात. मुक्कामाच्या सातव्या दिवसापर्यंत मात्र त्यांतल्या थोड्यांचंच बुकिंग पोहोचलेलं असतं. तसंच, सहा जणांसाठी टेबल दिसत नसेल तर चार आणि दोन असं तोडून बघा.

राइडच्या पासचंही असंच. जुलै 2024 पासून डिस्ने वर्ल्डचा रांग टाळणारा लाइटनिंग लेन मल्टी पास आधीच घेता येतो. पार्कच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना आगमनाच्या सात दिवस आधी, तेही संपूर्ण मुक्कामासाठी, बाहेरच्यांना पार्कच्या दिवसाच्या तीन दिवस आधी. दोन्ही सकाळी सातला, ओरलँडोच्या वेळेने. सुरुवातीला तीन राइड निवडता येतात. डिस्ने वर्ल्डच्याच हॉलिवूड स्टुडिओज या पार्कातली स्लिंकी डॉग डॅश ही राइड लवकर भरते, म्हणून तो पार्कही मुक्कामाच्या उत्तरार्धात ठेवावा. पार्कच्या हॉटेलातली खोली महाग पडते हे खरं, पण सात आणि तीन दिवसांतला हा फरक तिच्या किमतीत धरायला हवा.

प्रवेशाचं तिकीट या टप्प्यात घ्यायला हरकत नाही. डिस्ने वर्ल्डचे दर 2018 पासून तारखेनुसार बदलतात. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, मात्र फरक भरून तारीख बदलता येते. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये तिकिटाखेरीज त्या दिवसाचं पार्क रिझर्व्हेशनही लागतं. तिकीट आहे पण रिझर्व्हेशन नाही, अशा माणसाला गेटवरून परतावं लागतं.

महिनाभर किंवा त्याहून कमी

ऐनवेळी निघणाऱ्यांकडून हॉटेलाची निवड आणि नावाजलेली टेबलं निसटतात. बाकी बरंच मिळतं. बेत बदलणारे लोक जेवणाची बुकिंगं शेवटच्या एक-दोन दिवसांत सोडतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी पुन्हा पुन्हा शोधलं तर जागा सापडते. युनिव्हर्सल ओरलँडोत तर उशिरा येणाऱ्यांसाठी एक चांगली वाट आहे: पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांतल्या पाहुण्यांना युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या दोन पार्कांसाठी रांग टाळणारा एक्सप्रेस पास खोलीसोबतच मिळतो. एक रात्र राहिलं तरी येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस तो चालतो. चौघांचे पास वेगळे घेण्याचा खर्च मांडून बघा, खोली अनेकदा परवडते. एपिक युनिव्हर्सला मात्र तो लागू नाही.

ऐनवेळी जाणाऱ्यांची हमखास होणारी चूक म्हणजे कॅलेंडर न बघणं. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये मॅजिक किंगडमला काही रात्री वेगळ्या तिकिटाची हॅलोविन पार्टी असते. त्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर पडावं लागतं. रात्रीची आतषबाजी बघायची असेल तर तो दिवस टाळा. दिवसा गर्दी कमी हवी असेल तर मुद्दाम तोच निवडा.

सप्टेंबरमध्ये खोल्या सहज मिळतात, पण वादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर असतो. आगमनाच्या सात दिवसांच्या आत ओरलँडो भागाला चक्रीवादळाचा अधिकृत इशारा मिळाला तर डिस्ने स्वतःचे रद्द शुल्क घेत नाही. विमानाचे पैसे हा वेगळा विषय, त्यासाठी विमा पहिली रक्कम भरली की लगेच काढावा. वादळाचं नाव बातम्यांत आल्यावर काढलेला विमा त्या वादळाचं नुकसान देत नाही.

जपानला जायचं असेल तर

इथे वर्षभर आधीचा बेत निम्माच होतो. टोकियो डिस्नेची तिकिटं दोन महिने आधी, जपानी वेळेनुसार दुपारी दोनला विक्रीला येतात. 1 मेचं तिकीट 1 मार्चला. काही तारखा पूर्ण विकल्या जातात. तिकीट परत होत नाही, तारीख बदलता येते, पण बदलायच्या तारखेलाही तिकीट शिल्लक हवं. रेस्टॉरंटची प्रायॉरिटी सीटिंग, म्हणजे टेबलाचं बुकिंग, एक महिना आधी सकाळी दहाला सुरू होते. ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओज जपानमध्ये एक्सप्रेस पास मोजकेच आणि ठरलेल्या वेळांचे असतात. गर्दीच्या दिवशी तिथल्या सुपर निन्टेंडो वर्ल्ड या विभागात शिरायलाही वेळ ठरलेलं तिकीट लागतं. म्हणून आधी पास कोणत्या तारखेचा मिळतो ते बघायचं आणि मग शहरांचा क्रम लावायचा. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक शक्यतो टाळावा.

लहान मुलांच्या बाबतीत तारीख पक्की करण्याआधी दोन आकडे तपासा. डिस्ने वर्ल्डमध्ये तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, टोकियोत चार वर्षांखालच्या. वाढदिवस सहलीच्या महिन्यातच येत असेल तर दोन आठवडे अलीकडची तारीख एक अख्खं तिकीट वाचवते. दुसरा आकडा उंचीचा. मॅजिक किंगडमच्या सेव्हन ड्वॉर्फ्स माइन ट्रेनला 97 सेंटिमीटर लागतात, स्पेस माउंटनला 112. मूल आज 94 वर असेल तर सहा-सात महिन्यांनंतरची तारीख घ्या. उंची बूट काढून मोजा आणि एक सेंटिमीटर कमीच धरा.