फ्लूचे आठ तुकडे: चिठ्ठ्या की ठरलेली यात्रा?

इन्फ्लुएंझा ए विषाणूचा जनुकसंच आठ सुट्या आरएनए तुकड्यांचा. नवा कण बांधताना हे आठ आत जातात कसे?

पहिलं मत: नशिबावर. आता आपण पुणेकर, अष्टविनायकाचाच हिशेब घेऊ. आठ गणपतींच्या चिठ्ठ्या वाटीत टाका, एक काढा, परत टाका, असं आठदा. आठही दर्शनं घडण्याची शक्यता 416 त जेमतेम एक! जास्तीचे तुकडे कोंबले तर ती वाढते, पण कणात तेवढी जागा दिसत नाही.

दुसरं मत: निवडून. प्रत्येक तुकड्याच्या टोकांशी ओळखीच्या खुणा असतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मधे एक आणि भोवती सात अशी मांडणी दिसते. माझं मत अर्थातच इकडे.

एकाच पेशीत दोन फ्लू घुसले, तर प्रत्येक तुकडा याचा किंवा त्याचा, असे कागदावर आठ तुकड्यांचे 256 संच होतात. खुणा जुळेनात, तर बरेच संच बारगळतात. 2009 च्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या शाळा बंद पाडणारा स्वाइन फ्लू मात्र जुळलेला निघाला: पाच तुकडे डुकरांच्या फ्लूचे, दोन पक्ष्यांच्या, एक माणसाच्या.