नवी पेठेतलं फ्लेक्स-फ्रेमचं दुकान: रिकाम्या ओळींबद्दल आधी विचारणारी माणसं

मी शाळेतल्या मुलींना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवते. साहित्याच्या खोलीत लावायला मला एक बोर्ड हवा होता, दुसऱ्या महायुद्धावर गेलेल्या अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलपटूंचा, वर्षवार आकड्यांसह. आधी दुसरीकडे काम दिलं होतं. टेड विल्यम्सचे 1942 मध्ये 36 होमरन (एकाच फटक्यात पूर्ण फेरी मारून काढलेली धाव), 1946 मध्ये 38; मधली तीन वर्षं कोरी. त्यांनी मला न विचारता त्या ओळी काढूनच टाकल्या. पैसे गेले, आणि वाईट जास्त वाटलं ते त्या तीन वर्षांचं.

इथे मात्र डीटीपी करणाऱ्या दादांनी फाइल उघडताच विचारलं, "मॅडम, ह्या ओळी भरायच्या राहिल्यात का?"

मी म्हटलं, दादा, त्या ओळींसाठीच तर बोर्ड करतेय. विल्यम्स तेव्हा सैन्यात वैमानिक होता. पुढे कोरियाच्या युद्धातही त्याला बोलावलं, तिथे त्याने 39 मोहिमा केल्या. बॉब फेलर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा; सामन्याचा विजय पिचरच्या नावावर लागतो, तसे त्याने 1941 मध्ये 25 सामने जिंकले होते; पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि दोन दिवसांत तो नौदलात भरती. 'अलाबामा' युद्धनौकेवर विमानविरोधी तोफेवर होता. वॉरन स्पान हाही पिचर, त्याने पुढे 363 सामने जिंकले, पण त्यातला पहिला विजय युद्धावरून परतल्यावर, 1946 मध्ये. दादांनी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकलं. मग कोऱ्या चौकटींना स्वतःहून फिकट खाकी रंग दिला. मला हे सुचलं नव्हतं.

जागा शेवटच्या नावाला कमी पडली. हॅरी ओ'नील, फिलाडेल्फिया ऍथलेटिक्स संघाचा कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा. 1939 मध्ये एकच सामना, तोही शेवटी शेवटी मैदानात उतरला, बॅटिंग मिळालीच नाही. 6 मार्च 1945 रोजी इवो जिमा बेटावर मारला गेला. त्या महायुद्धात मेजर लीग (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) खेळलेले दोघे जण गेले, त्यातला हा एक. दुसरा एल्मर गेडियन. दादा म्हणाले, "सगळ्यांचा फॉन्ट एक पॉइंट कमी करतो, ही ओळ राहू द्या."

सनबोर्डवर प्रिंट, मॅट लॅमिनेशन, लाकडी फ्रेम मिळून 1,450 रुपये. दिलेल्या दिवशी संध्याकाळी तयार. प्रूफ दोनदा दाखवलं, 'स्पान'चं स्पेलिंग त्यांनीच पकडलं. चकचकीत लॅमिनेशन मात्र घेऊ नका, ट्यूबलाइटखाली वाचता येत नाही. मी नमुना बघून बदललं. दुकान वरच्या मजल्यावर, जिना अरुंद. मोठी फ्रेम असेल तर सोबत कुणीतरी न्या आणि गाडी पार्क चौकाकडेच लावा, पेठेत संध्याकाळी जागा मिळत नाही.

बोर्ड आता ग्लोव्हजच्या रॅकवर आहे. आमची कॅचर सातवीत आहे. ती ग्लोव्ह काढताना रोज ओ'नीलची ओळ वाचते.