पीक फायली कुठे ठेवाव्यात: रेकॉर्डिंगच्या शेजारी, पोटफोल्डरमध्ये की सगळ्या एकाच जागी?

कुडाळ-सावंतवाडीच्या पट्ट्यात डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) नि दशावतार रेकॉर्ड करणारे बरेच जण आता रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर काम करतात. पीक फाइल म्हणजे आवाजाची पडद्यावर दिसणारी रेघ, म्हणजे वेव्हफॉर्म, पटकन काढता यावी म्हणून सॉफ्टवेअरने बनवलेली छोटी फाइल; ती पुसली तरी मूळ आवाजाला धक्का लागत नाही, सॉफ्टवेअर ती पुन्हा बनवतं, हे त्यांना माहीत असतं. त्यामुळेच ती कुठे जाऊन पडते याकडे कोणी फारसं बघत नाही. आपल्या कामाला मात्र ही जागा ठरवून घेतलेली बरी, असं मला वाटतं. दशावताराचा प्रयोग रात्रभर चालतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओ धरलं तरी तासाला साधारण १ जीबी होतं. साधी डब्ल्यूएव्ही फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणून रेकॉर्डर मध्येच नवी फाइल सुरू करतो. त्यात बुवांचा माइक, पेटी, पखवाज आणि कोरस वेगवेगळे घेतले असतील, तर एका बारीच्या फायली मोजताना दमछाक होते. आणि प्रत्येक फाइलमागे एक पीक फाइल आलीच.

काहीच सेटिंग बदललं नाही तर रीपर ती रेकॉर्डिंगच्या अगदी शेजारी ठेवतो: तेच नाव, पुढे रीपीक्सचं (.reapeaks) शेपूट. यातली चांगली गोष्ट ही की फोल्डर जिथे जाईल तिथे पीक फाइल सोबत जाते, काही लक्षात ठेवावं लागत नाही. एकट्याने काम करणाऱ्याला आणि फायली कुणाला न देणाऱ्याला हे पुरेसं आहे, बदलायची गरज नाही. पण आपल्याकडे गणपतीत आलेला चाकरमानी परत मुंबईला निघताना पेनड्राइव्ह पुढे करतो, आणि घाईत अख्खं फोल्डर त्यावर जातं. मग दोन दिवसांनी फोन येतो की निम्म्या फायली वाजतच नाहीत. प्रकारानुसार लावून पीक फायली वेगळ्या काढता येतात हे खरं, पण एसटी सुटायच्या वेळी ते कोण करणार.

दुसरं टोक म्हणजे सगळ्या प्रोजेक्टांच्या पीक फायली संगणकावरच्या एकाच फोल्डरमध्ये. प्रेफरन्सेसमध्ये पाथ्सच्या पानावर तसा वेगळा मार्ग देता येतो. मला हा पर्याय सुरुवातीला फार आवडला होता, आणि त्यामागे कारणंही होती. रेकॉर्डिंग फिरत्या, संथ हार्डडिस्कवर आणि पीक फायली आतल्या एसएसडीवर असल्या की मोठं प्रोजेक्ट उघडताना फरक कळतो. मी घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण चहा ठेवून येण्याइतका वेळ वाचायचा. रेकॉर्डिंगची फोल्डरं स्वच्छ राहतात. कुणाचं कुलूप लावलेलं, काही लिहू न देणारं मेमरी कार्ड थेट उघडलं तरी अडत नाही. उणी बाजू म्हणजे कधीच पुसून टाकलेल्या प्रोजेक्टांच्या पीक फायली तिथे साचत राहतात. अर्थात जागा त्या फार खात नाहीत, माझ्याकडे मूळ आवाजाच्या एक-दोन टक्के. तेवढ्यासाठी मी हा पर्याय सोडला नसता.

सोडला तो वेगळ्याच त्रासापायी. या व्यवस्थेत पीक फाइल ओळखली जाते ती रेकॉर्डिंगच्या पूर्ण पत्त्यावरून. हार्डडिस्क घरच्या संगणकावर एका ड्राइव्ह-अक्षराने लागते, लॅपटॉपवर दुसऱ्या, आणि पीक फायली तर घरच्याच संगणकावर राहिलेल्या. मालवणला बुवांच्या पडवीत लॅपटॉप उघडला की सगळी बारी कोरी. नुसते रिकामे पट्टे, आणि खाली वेव्हफॉर्म बांधायचं काम रांगत चाललेलं. शेजारी बुवा बसलेले, त्यांना एकच विचारायचं असतं: "गजर खय आसा तो दाखव."

वेव्हफॉर्म दिसत असता तर हा प्रश्न आलाच नसता. गजर नजरेला कळतो. बुवा बोलत असतात, समोरच्या बुवांना कोपरखळी मारत असतात, तेव्हा रेघ बारीक असते. मग पखवाज उचलतो, झांजा येतात, कोरस मिळतो आणि पट्टा भरून जातो. दशावतारातही राजाचं भाषण आणि राक्षसाशी युद्ध यांतला फरक न ऐकता दिसतो. रात्रभराच्या कार्यक्रमात जागा शोधायला आपल्याकडे दुसरा नकाशाच नाही. मेट्रोनोम नसतो, आणि चालू कार्यक्रमात मार्कर टाकायला हात मोकळा नसतो. तो नकाशा नेमका लोकांसमोर बसल्यावर गायब होणार असेल, तर घरी वाचलेल्या वेळाचं मला मोल वाटत नाही. त्यात पावसाळ्यात लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी म्हातारी असली, तर बांधणी अर्ध्यावरच थांबते.

म्हणून मी मधल्या पर्यायावर स्थिरावलो: रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्येच 'पीक्स' नावाचं पोटफोल्डर. प्रेफरन्सेसमधल्या मीडियाच्या पानावर त्यासाठी खूण करायची चौकट आहे. फोल्डर उचललं की नकाशा सोबत येतो, आणि पेनड्राइव्हवर देताना एक पोटफोल्डर वगळलं की झालं. बॅकअपमधूनही तेवढं एक नाव गाळता येतं. क्युबेस प्रोजेक्टमध्ये 'इमेजेस' फोल्डर करतो, अर्डर सेशनमध्ये 'पीक्स', आणि प्रो टूल्सची वेव्हकॅशे फाइलही सेशन फोल्डरमध्येच असते. इतक्या वेगवेगळ्या सॉफ्टवेअरनी तोच रस्ता धरावा यावरून मला थोडा धीर येतो. संथ डिस्कवर प्रोजेक्ट उघडायला जरा उशीर होतो, हे मान्य. एकाच टेबलावर, एकाच संगणकावर ज्यांचं सगळं काम चालतं, त्यांना एकत्र जागेचा पर्याय कदाचित अधिक सोयीचा पडेल. कार्यक्रमाला, मंडळात, बुवांच्या घरी फिरणाऱ्याला मी पोटफोल्डरच सांगेन.

ऑडॅसिटीवाल्यांना हा घोळच नाही; २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून सगळं एकाच एयूपी३ फाइलमध्ये असतं. एबलटन वापरणाऱ्यांनी मात्र सांभाळावं. तिथल्या एएसडी फायली दिसायला तशाच, पण क्लिपची सेटिंग 'डिफॉल्ट' म्हणून जपली असेल तर वार्प मार्करसकट (आवाज तालात बसवायला लावलेल्या खुणांसकट) ती त्याच फाइलमध्ये असते. शिमग्याच्या ढोलाचे तुकडे हाताने तालात बसवून ठेवले असतील, तर कचरा समजून एएसडी पुसू नका. वेव्हफॉर्म परत येईल, ते मार्कर येणार नाहीत.

रीपरमधली खूण फक्त नव्या पीक फायलींना लागू होते, जुन्या आपणहून हलत नाहीत. रीपर बंद करून रीपीक्सने संपणाऱ्या तेवढ्या शोधून पुसा, मग एकेक प्रोजेक्ट उघडून बांधणी पूर्ण होऊ द्या. पाथ्सच्या पानावर वेगळ्या मार्गाची खूण केली असेल तर ती आधी काढायला विसरू नका. आणि हे श्रावणातच उरका. गणपती आले की डिस्क तुमच्या हातात राहत नाही.