पुल-अप बार घ्या, पण आधी त्याचा फोम काढा (क्लायंबिंगवाल्यांसाठी, दिवाळीपासूनचा वापर)

नवतपा लागला अन् बारवरचा फोम हाताला चिकटायला लागला, म्हणून आज लिहूनच टाकतो. दिवाळीत घेतला होता, तोच दाराच्या चौकटीत फिरवून घट्ट करायचा, दोन्ही टोकांना रबर असलेला, हजाराच्या आतला. मी फक्त क्लायंबिंगसाठी घेतला, कारण ऑफिस सुटल्यावर रोज क्लायंबिंगच्या कृत्रिम वॉलवर जाणं होत नाही आणि फक्त पुल-अप्ससाठी जिमची फी भरायची माझी तयारी नाही.

पहिले त्या फोमबद्दल. आतला पाइप मोजला तर 28 मिमी, एकदम बरोबर जाडी. त्याच्यावर फोम चढवून 40 च्या वर नेऊन ठेवलाय. बोटं पूर्ण वळत नाहीत, वरून घाम आला की फोम पाइपवर गरगर फिरतो, आणि पाठ थकायच्या आधी पंजाच सुटतो. म्हणजे ज्या लॅट्ससाठी (पाठीचे मोठे स्नायू) आपण लटकतोय त्यांच्यापर्यंत काम पोचतच नाही. काही जण म्हणतात जाड ग्रिपनं पकड वाढते. वाढत असेल, पण दगडाची बारीक कड धरताना वजन बोटांच्या शेवटच्या पेरांवर असतं, तळहात कशाला टेकतही नाही, मग जाड दांडा आवळून त्या पकडीला काय मिळणार? बोटांची ताकद वेगळीच करावी लागते. मी सुताराकडून सागवानाची पट्टी करून घेतली, 20 मिमी खोल, कड गोल घासलेली, पाय स्टुलावर ठेवून थोडं वजन कमी करून लटकायचं, सात सेकंद लटकायचं, तीन सेकंद सोडायचं. नवीन पोरांनी मात्र याची घाई करू नका भाऊ, स्नायू लवकर तयार होतात, बोटांतले टेंडन आणि पुली (टेंडनला हाडाशी धरून ठेवणारे पट्टे) खूप हळू.

कंपनीला फोन केला तर म्हणे ग्रिप वॉरंटीत येत नाही, आणि प्रॉडक्ट थंड जागी ठेवा. मे महिन्यात नागपुरात थंड जागा! कूलरसमोर चौकट कुठून आणू? इथे पारा 45 च्या वर जातो हे माहीत असून इथे माल विकता, तर ग्रिप तशी द्या ना. वरून सांगतात फोम कापला तर पूर्ण वॉरंटी जाईल. मी कापला. ब्लेडनं चिरून काढला, राहिलेला चिकटपणा रॉकेलनं पुसला, आता नुसता पाइप आणि हाताला चॉक (घाम शोषणारी पांढरी पावडर), आणि त्याच आठवड्यात पाठ पहिल्यांदा नीट दुखली.

आता मुद्द्याचं, पुल-अप्सचा क्लायंबिंगला फायदा होतो का. संक्रांतीपर्यंत माझं मत होतं की पुल-अप्सचा आकडा वाढला की ग्रेड, म्हणजे चढता येणाऱ्या रूटची अवघडपणाची पातळी, वाढणारच. आकडा वाढला, वॉलवर मात्र ओव्हरहँगला (बाहेर झुकलेल्या भिंतीला) त्याच जागी पडून राहिलो होतो. मग पद्धत बदलली. भराभर वरखाली बंद, त्याऐवजी वर जाऊन थांबायचं, हनुवटी बारच्या वर, मग कोपर काटकोनात, मग जवळजवळ सरळ, प्रत्येक ठिकाणी काही सेकंद, आणि उतरताना एकदम सावकाश. याला फ्रेंचीज म्हणतात. याचा फरक खरंच दिसला, कारण वॉलवर ओढायचं थोडंच असतं, एका हातावर अडकून राहून दुसरा हात शांतपणे पुढच्या होल्डवर (पकडायच्या जागेवर) न्यायचा असतो. असं एका हातावर अडकून राहणं म्हणजे लॉक-ऑफ.

हिवाळ्याच्या शेवटी ग्रुपसोबत सह्याद्रीतल्या तैलबैलाला गेलो तेव्हा तर हे अजून स्पष्ट झालं. बेसॉल्टची उभी भिंत, सगळं काम पायांचं, ज्याला पायावर उभं राहता येतं तो कमी पुल-अप्समध्येही वर जातो. एका फुगवट्याखाली मात्र लॉक-ऑफ कामी आला, तिथे पाय नीट लागत नव्हते.

जर्मन क्लायंबर वोल्फगांग ग्युलिशनं 1988 मध्ये न्युरेंबर्गच्या जिममध्ये कॅम्पस बोर्ड (पाय न लावता नुसत्या हातांनी पट्ट्यापट्ट्यांवर वर चढायचा झुकता फळा) उभा केला, आणि 1991 मध्ये जर्मनीतल्या फ्रांकेनयुरात अ‍ॅक्शन डिरेक्ट हा अतिशय अवघड रूट चढला. त्याला बोटांनी झपकन पकडणारी ताकद हवी होती, ती नुसत्या बारवर तयार होत नाही. तरी पुल-अप हा पाया आहे, शरीर हातांनी स्वच्छ उचलता येत नसेल तर कॅम्पस बोर्डला हात लावू नका.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं तर तिथेच थांबा. नुसतं ओढत राहिलं की ते येतंच, म्हणून प्रत्येक वेळी सोबत पुश-अप्स आणि मनगट उलटं वळवायचा व्यायाम करतो, तेव्हापासून कोपर शांत आहे.

मग बार घ्यायचा का? एका चौकटीत बसतो, स्वस्त आहे, घ्या. पण सागवानी किंवा दगडी चौकट पाहिजे, प्लायवूडच्या पोकळ चौकटीत लावू नका, दाबानं ती फाकते. रबर दर दोन-तीन दिवसांनी पिळून पाहा, उन्हाळ्यात ढिलं होतं. जागा असेल तर त्यापेक्षा हार्डवेअरवाल्याकडून पाऊण इंची जीआय पाइप घ्या, बाहेरून 27 मिमीच्या आसपास भरतो, स्लॅबला अँकर फास्टनरनं लटकवा. भाड्याचं घर असेल तर भोकं पाडायच्या आधी मालकाला विचारून घ्या.