अर्धवट बंद कॉकऐवजी पीआरव्ही : आठ महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्यातील आमची इमारत सोळा मजल्यांची आहे आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या पाण्याचा दाब दर दहा मीटरला साधारण एक बार, म्हणजे प्लंबरच्या भाषेत एक किलो, याप्रमाणे वाढत जातो. त्यामुळे वरच्या मजल्यांवर शॉवर रडतखडत चालतो आणि आमच्याकडे मात्र बेसिनचा नळ उघडताच शर्ट भिजतो. यावर आम्ही अनेक वर्षे सर्वांना ठाऊक असलेलाच उपाय करत होतो : मुख्य कॉक अर्धवट बंद ठेवणे.

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे बेसिनखालचा कनेक्शन पाइप फुटला, तेव्हा घरातला एकही नळ चालू नव्हता आणि कॉक नेहमीप्रमाणे अर्धा बंदच होता. अर्धवट कॉक दाब कमी करतो तो केवळ पाणी वाहत असताना. सगळे नळ बंद झाले की क्षणात त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो, ही साधी गोष्ट मला तोपर्यंत उमगली नव्हती. नंतर दाब मोजणारा गेज लावून पाहिले, तर रात्रभर पाइपांवर जवळजवळ साडेचार किलो दाब असे.

म्हणून मुख्य कॉकच्या पुढे पाऊण इंची पितळी प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह (पीआरव्ही), म्हणजे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, बसवला. त्याच्या आत स्प्रिंग आणि लवचीक पडदा असतो. पुढच्या बाजूचा दाब ठरवलेल्या आकड्याला पोचला की पडदा स्प्रिंगला दाबून वाट बंद करतो, त्यामुळे नळ बंद असतानाही दाब आटोक्यात राहतो. मी तो अडीचवर ठेवला आहे. दाब ठरवणारा स्क्रू सैल केल्यावर गेजचा काटा लगेच खाली येत नाही. एकदा नळ उघडून अडकलेला दाब सोडावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे पहिल्या दिवशी मी तो उगाचच बराच सैल केला आणि शॉवर मरगळला.

फ्लश टँकची शीळ थांबली. वॉशिंग मशीन पाणी बंद करताना पाइपात होणारा ठोका पुष्कळ सौम्य झाला, पण पूर्णपणे गेला नाही.

खरी डोकेदुखी गीझरची निघाली. पूर्वी तापून फुगलेले पाणी उभ्या पाइपात मागे सरकत असे. आता ती वाट व्हॉल्व्हने अडवली. पंचवीस लिटर पाणी 25 अंशांवरून 65 अंशांवर नेले की ते जवळपास चारशे मिलिलिटरने वाढते, आणि नळ बंद असताना त्याला जागाच नसते. गीझर तापत असताना काटा सहापर्यंत चढलेला मी स्वतः पाहिला. एकदा तर गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबही पडू लागले. प्लंबरने त्या तोटीला बूच मारून देतो म्हटले, तेव्हा मी त्याचा हात धरला, कारण थर्मोस्टॅट बिघडल्यास गीझर फुटू न देणारी ती शेवटची सोय असते. त्याऐवजी थंड पाण्याच्या लाइनवर फुगलेले पाणी सामावून घेणारी छोटी एक्सपान्शन टाकी बसवून घेतली. हा खर्च व्हॉल्व्ह घेतानाच कोणीतरी सांगायला हवा होता.

सहाव्या महिन्यात, सोसायटीची टाकी धुतल्यानंतर, गीझर बंद असूनही सकाळी काटा साडेतीनवर दिसला. सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना जिथे टेकतो त्या जागी, वाळूचा कण अडकल्याने व्हॉल्व्ह पुरता मिटत नव्हता आणि वरचा दाब हळूहळू झिरपत होता. कॉक बंद करून व्हॉल्व्हमधली जाळी आणि सीट साफ करायला अर्धा तास लागला. गेज नसलेला स्वस्त प्रकार घेतला असता, तर हे मला पुढचा पाइप फुटेपर्यंत कळले नसते. त्यामुळे तो प्रकार मी कोणालाही सुचवणार नाही. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, गीझर लावण्यापूर्वी, मी गेज पाहतो आणि काटा अडीचच्या वर दिसला की जाळी त्याच दिवशी धुऊन टाकतो.