चार सेन्सरवालं ऑटो हेल्मेट घेताय? आधी बोट लावून बघा

ऑटो डार्क वेल्डिंग हेल्मेट, म्हणजे सेन्सरला आर्कचा (वेल्डिंगच्या ठिणगीचा) उजेड दिसताच काच आपोआप काळी करणारं, ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी लिहितोय. मला चार सेन्सर सांगून दोनचं हेल्मेट गळ्यात मारलं आणि वर विकणारा म्हणतो काच काळी होते ना, मग तक्रार कसली.

जाहिरातीत सगळं झकास. चार सेन्सर, शेड (काचेच्या काळेपणाचा नंबर) ९ ते १३, १/१/१/१ क्लिअर व्ह्यू, सोलर. टेबलावर जॉब ठेवून समोरून रॉड मारला तर मस्त चाललं, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. खरा तमाशा सुरू झाला फ्रेमच्या आत वाकून टॅक (तुकडे पकडून ठेवणारे छोटे टाके) मारताना, मधे पाइप आडवा आला की काच अचानक उघडी पडायची आणि आर्क सरळ डोळ्यात. सेन्सिटिव्हिटी फुल केली, डिले (काच परत उघडायला लागणारा वेळ) वाढवला, ढिम्म फरक नाही.

मग एकेक सेन्सर तपासला. तीन खिडक्यांवर बोटं दाबायची आणि चौथीसमोर लायटर पेटवायचा, चांगल्या हेल्मेटमध्ये एकाच सेन्सरला उजेड दिसला तरी काच काळी व्हायला पाहिजे. वरच्या दोघांनी लगेच काळी केली. खालच्या दोघांसमोर लायटर तापून बोट भाजायची वेळ आली तरी काच जशीच्या तशी! टॉर्च तिरका मारून आत बघितलं तर वरच्या खिडक्यांत बारीक चौकोनी तुकडा चकाकतो, खालच्यांत नुसतं काळं प्लास्टिक आणि शोभेला गोल भिंग. म्हणजे वरचे दोन पाइपाआड गेले की हेल्मेट आंधळं.

आता त्या १/१/१/१ चं. हे आकडे जाहिरातीत नाही, कार्ट्रिजवर (काच आणि सेन्सर बसवलेल्या डबीवर) बघायचे असतात. ईएन ३७९ या जुन्या युरोपीय मानकाप्रमाणे तिथे ४/९-१३ असं काहीतरी असतं, म्हणजे उघडी असताना शेड ४ आणि काळी झाल्यावर ९ ते १३, मग बनवणाऱ्याची खूण, मग ते चार आकडे. पहिला चित्र वाकडंतिकडं दिसतं का त्याचा, दुसरा धुरकटपणाचा, तिसरा काच सगळीकडे सारखी काळी आहे का, चौथा तिरकं बघितल्यावर शेड किती बदलते. १ म्हणजे बेस्ट, ३ म्हणजे काठावर पास. माझ्या कार्ट्रिजवर होतं १/३/१/२, तेही कोपऱ्यात इतकं बारीक की मोबाइलने फोटो काढून झूम करावं लागलं. मग पडल (वितळलेल्या धातूचं तळं) आणि स्लॅग (त्यावरचा मळ) वेगळं दिसत नव्हतं, सगळं हिरवट दुधाळ दिसायचं, त्यात नवल काय.

विकणाऱ्याचं ते "काळी होते ना" तर सगळ्यात डेंजर आहे. यूव्ही आणि आयआर (न दिसणारे अतिनील आणि अवरक्त किरण) अडवायचं काम काचेवरच्या कोटिंगचं असतं, ते काच उघडी असो की काळी सतत चालू पाहिजे. काळी होणं डोळ्यांना दिसणारा प्रखर उजेड कमी करायला. त्यामुळे लायटर, ऊन, टीव्हीचा रिमोट दाखवून काळी झाली की सेन्सर चालतो एवढंच कळतं, यूव्ही अडतं की नाही ते घरी कळत नाही. आणि ते लगेच जाणवतही नाही, वेल्डिंग लागलं की काही तासांनी, बहुतेक रात्रीच, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. ज्या कार्ट्रिजवर बनवणाऱ्याची खूणच नाही ते मी फुकट दिलं तरी घालणार नाही, त्यापेक्षा साधी ११ नंबरची काळी काच बरी, ती निदान खोटं तरी बोलत नाही.

सोलरचंही तेच. आत बटन सेल सोल्डर करून टाकलाय, संपला की बदलायची सोयच नाही. घेताना सेल बाहेरून बदलता येतो का ते विचारा, आणि कार्ट्रिजच्या मार्किंगचा क्लोजअप मागवा. टाळाटाळ केली तर सोडून द्या.

रिटर्न मागितलं तर "वापरलेला माल" म्हणून नाकारलं. वापरल्याशिवाय कळणार कसं हे विचारलं त्यावर उत्तर नाही. बोट लावून काढलेला व्हिडिओ पाठवल्यावर जाहिरातीतले "चार सेन्सर" चे "चार सेन्सर डिझाइन" झाले, फोटो तोच आहे.